ठासणीच्या बंदुकीत सुटी दारू की पेलेट? नवशिक्यांनो, या चुका टाळा

नाशिकमध्ये एअर रायफलवर हात बसलेल्या माणसाला पेलेट म्हटलं की ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा आठवतो. ठासणीच्या बंदुकीची पेलेट म्हणजे दारू दाबून केलेली वडी. दोन वड्या नळीत सोडल्या, वर गोळी ठासली की झालं. अमेरिकेतल्या चुलतभावाने पाठवलेल्या व्हिडिओत हे इतकं सोपं दिसतं की लोक सोय बघून वडी निवडतात. बघायचं असतं ते बंदूक पेट कशी घेते ते.

गावाकडच्या जुन्या बंदुकीला कान, म्हणजे दारूपर्यंत जाणारी पोकळ बोंडी असते आणि त्यावर केप, म्हणजे घोडा पडला की ठिणगी देणारी छोटी टोपी बसते. केपची ठिणगी एवढीशी. सुट्या काळ्या दारूला ती पुरते, पण पायरोडेक्ससारख्या, काळ्या दारूऐवजी वापरायच्या पर्यायी दारूच्या वडीला जास्त आच लागते. या वड्या मुळात इनलाइन बंदुकीसाठी आहेत, जिच्यात २०९ प्रायमर नावाची जास्त आच देणारी टोपी नळीच्या थेट मागे बसते. कानाच्या बंदुकीत त्या घातल्या की बऱ्याचदा केप फुटते आणि बार निघत नाही, नाहीतर थांबून निघतो. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून किमान एक मिनिट थांबा. लगेच नळीत डोकावणारे महाभाग असतात, म्हणून सांगितलं. चकमकीच्या बंदुकीत तर वडी नकोच.

इनलाइन असेल तर वडी चालेल. पायरोडेक्सच्या वडीचं एक तोंड जास्त काळं असतं, ते प्रायमरकडे हवं. गजाने दणके घालू नका, वडीचा भुगा होतो आणि मग प्रत्येक गोळी वेगळीकडे जाते. शिवाय ५० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे दारूच्या भाराचं माप) वड्यांत भार ५० किंवा १००, मधलं काही नाही. वडी मोडून अर्धी करायची नसते. सुट्या दारूत मात्र कंपनीच्या मर्यादेत ६०-७० ग्रेनवर सराव करता येतो, खांद्यालाही दणका कमी बसतो. केपच्या बंदुकीवर शिकणाऱ्याने माझ्या मते सुटी दारूच घ्यावी.

फक्त ती ग्रेनच्या खुणा असलेल्या मापाने, म्हणजे आकारमानाने मोजा, सोनाराच्या काट्यावर नको. पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा हलकी असते, वजनाने तेवढेच ग्रेन घेतले तर भार वाढतो. डब्यातून थेट नळीत ओतणं त्याहून वाईट, कारण आधीच्या बाराचा निखारा आत असला तर अख्खा डबा हातात पेटेल. गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. रिकामी नळी आणि भरलेली नळी, दोन्हींच्या खुणा गजावर करून ठेवा. दोनदा भरलेला बारही त्यात पकडला जातो. काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरही घालायची नाही.

चुलतभावाला वड्यांची डबी आणायला सांगू नका, विमानात ती चेक-इन बॅगेतही चालत नाही. इथे किती दारू बाळगता येते ते परवान्यावर लिहिलेलं असतं. आणि काळ्या दारूची काजळी ओल धरते. इगतपुरीच्या पावसात तर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवायचा.