१२३४५६७८९८७६५४३२१ : ही संख्या हाताळताना या चुका टाळा

नऊ एक ओळीने लिहा: १११११११११. याचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळतो. देवळालीचे शाळामास्तर आणि गणिती द. रा. कापरेकर यांनी या कुळातल्या संख्यांना मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनवरून ‘डेम्लो’ हे नाव दिलं. मला ही संख्या मनापासून आवडते. पण ती फसवतेही तितकीच.

पहिली चूक पडद्यावर विसंबण्याची. परवा भाचीने ही संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकली आणि ओरडली, “मामा, हिला तर शंभराने भाग जातो!” शेवटी ३२१ ऐवजी ३०० दिसत होतं. संख्या सतरा अंकी आणि स्प्रेडशीट सांभाळते पंधराच अंक. पुढे शून्यं भरते. काही संगणकी भाषांत शेवट ३२० असा दिसतो. तिथे ९००७१९९२५४७४०९९२ (२ चा ५३ वा घात) ओलांडला की विषम संख्या मावतच नाहीत. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठा असला तरी जसाच्या तसा राहतो, म्हणून आकडेमोड तिथे करा. ताळा मात्र हातानेच घ्या: अंकांची बेरीज ८१ यायला हवी. भाचीच्या पडद्यावर ती ७८ भरली.

बेरीज ८१ आली म्हणून ८१ ने भाग जातो, असं मात्र मानू नका. ती कसोटी ३ आणि ९ पुरतीच. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, तरी २७ ने भाग जात नाही. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो, पण कारण वेगळं: १११११११११ ला ९ ने भाग जातो आणि आपण त्याचा वर्ग केलाय.

विभाजक मोजताना तर हमखास घोटाळा होतो. १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७; म्हणून वर्ग = ३⁴ × ३७² × ३३३६६७². मुलं घातांकांचाच गुणाकार करून १६ लिहितात. प्रत्येक घातांकात आधी १ मिळवायचा: ५ × ३ × ३ = ४५. उत्तर सम आलं तर तिथेच थांबा, पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. आणि ३३३६६७ मूळ आहे हे शंभरापर्यंत भागून ठरत नाही, ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतात.

उलटसुलट सारखी, म्हणजे ११ ने भाग जाणारच? तो नियम सम अंकी संख्यांचा. इथे बाकी १ उरते.

शेवटची चूक सर्वांत मोहात पाडणारी: दहा एक घेतले तरी नक्षी तशीच राहील असं वाटतं. उभा गुणाकार मांडून बघा. मधल्या रकान्यात दहा एक जमतात, तिथे ० लिहून हातचा १ डावीकडे जातो. तिथल्या ९ चे दहा होतात, पुन्हा ० आणि हातचा १. त्यापुढचा ८ नऊ होतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१.