पाणपक्षी गणनेत नव्याने येणाऱ्यांसाठी: ‘अनोळखी बदके’ हा रकाना

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्या फुगवट्याला 1986 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी 2020 मध्ये तो महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारानुसार महत्त्वाची ठरलेली पाणथळ, म्हणून जाहीर झाला. आमच्यासारख्या स्थानिक पक्षिमित्र गटांचे वर्षभर काही ना काही चालू असते. पण ज्यासाठी नवे लोक सर्वाधिक उत्साहाने येतात आणि ज्यानंतर सर्वाधिक लोक गळतात, तो उपक्रम म्हणजे जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणना. ती 1987 पासून चालू आहे. दुर्बीण कोणती घ्यावी, कपडे कोणत्या रंगाचे असावेत, हे तुम्ही कुठेतरी वाचलेच असेल, म्हणून थेट अडचणीच्या जागेकडे येते.

ही अडचण म्हणजे प्रत्येक पक्ष्याला नाव देण्याची सक्ती, आणि ती आपण स्वतःवरच लादून घेतो. गणनेच्या तक्त्यात जातींच्या नावांबरोबर ‘अनोळखी बदके’, ‘अनोळखी लहान चिखलपक्षी’ (काठावरच्या चिखलात चरणारे) असे रकाने मुद्दाम ठेवलेले असतात. पण नवा माणूस त्या रकान्यांकडे नापासाच्या शेऱ्यासारखा पाहतो. जुनी मंडळी शेजारी उभी असताना ‘मला ओळखता आले नाही’ असे म्हणण्याची लाज मीही पुष्कळ काळ बाळगली, आणि आजही धुक्यात मादी बदकांचा थवा समोर आला की पोटात गोळा येतो. नर थापट्या किंवा नर तलवार बदक ओळखणे अवघड नाही. माद्या मात्र सगळ्याच तपकिरी, ठिपकेदार आणि दुरून एकसारख्या दिसतात. चक्रांगाच्या मादीच्या शेपटीच्या बुडाशी, बाजूला, एक फिकट रेघ असते, तर भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावरचे पट्टे अधिक ठळक असून चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. हे पुस्तकात स्पष्ट दिसते. पण अर्ध्या किलोमीटरवर, चोच पाठीत खुपसून झोपलेल्या पक्ष्याच्या बाबतीत त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

अशा वेळी अंदाजाने नाव लिहिल्यास काय बिघडते, असा प्रश्न दरवर्षी विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर सांगते. रामसर कराराच्या निकषांपैकी एका निकषानुसार त्या पाणथळीवर नियमितपणे 20,000 किंवा त्याहून अधिक पाणपक्षी असावे लागतात, आणि दुसऱ्या निकषानुसार एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एका समूहातील किमान 1 टक्का पक्षी तेथे नियमितपणे यावे लागतात. ‘अनोळखी बदके’ म्हणून लिहिलेले तीनशे पक्षी पहिल्या निकषासाठी पूर्णपणे मोजले जातात आणि दुसऱ्यात कोणतीही भेसळ करत नाहीत. तेच तीनशे पक्षी अंदाजाने भुवई बदकांच्या नावावर टाकले, तर त्या जातीचा आकडा फुगतो, आणि पुढच्या वर्षी कोणी प्रामाणिकपणे मोजले की ती जात घटल्याचा भास होतो. ‘अनोळखी’ ही नोंद नंतर निदान दिसते तरी. चुकीचे नाव कोणाच्या लक्षातही येत नाही.

मोजण्याची रीत त्यामानाने लवकर जमते. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी एकेक करून मोजावेत, तेवढी जागा डोळ्यात भरून घ्यावी, तिच्यावरून शंभराचा अंदाज बांधावा आणि मग शंभराचे ते माप थव्यावर पुढे सरकवत न्यावे. एकाने स्कोपला (तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीला) डोळा लावून आकडे सांगावेत आणि दुसऱ्याने लिहावे. दोन्ही कामे एकट्याने करू नयेत. वारकरी हे काळे पाणपक्षी बुड्या मारतात, म्हणून त्यांच्यावरून दोनदा नजर फिरवावी. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की सगळे पाणी उधळते. अशा वेळी घाईने आकडा पुरा न करता थवा बसेपर्यंत थांबून पुन्हा पहिल्यापासून मोजावे. समोरच्या काठावर दुसरी तुकडी असेल, तर कोणी कुठपर्यंत मोजायचे हे आधीच ठरवावे, नाहीतर तेच चक्रवाक दोन्ही कागदांवर चढतात. उन्हे चढली की पाण्यावरची हवा थरथरू लागते, तेव्हा त्यापूर्वीच काम उरकलेले बरे.

मार्गदर्शकांविषयी माझे मत थोडे कडवट आहे. लांबूनच नाव उच्चारून पुढे चालू लागणारा जाणकार मला नवशिक्यासाठी निरुपयोगी वाटतो, मग त्याची यादी कितीही मोठी असो. ‘कशावरून?’ असे विचारल्यावर जो थांबून चोच, पंख, शेपूट दाखवतो, त्याच्याच तुकडीत जावे; आणि विचारल्याचा ज्याला राग येतो, त्याच्यापासून खुशाल दूर राहावे. आवाजावरून किंवा छायाचित्रावरून नाव सुचवणारी ॲप्स घरी सरावासाठी चांगली आहेत, मात्र त्यांच्या भरवशावर तक्ता भरू नये. कॅमेऱ्यामागे लागलेला सदस्य मोजणीला सहसा हाती लागत नाही, हेही सांगून टाकते.

गणनेत मन रमले नाही तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण गटाला माणसे इतरत्रही हवीच असतात. मारुती चितमपल्ली यांच्या 5 नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या 12 नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो आणि त्या काळात शाळांमध्ये बोलायला कोणीतरी लागतेच. संक्रांतीनंतर झाडांवर लटकलेला मांजा उतरवण्याचे काम रटाळ आहे, पण त्यासाठी एकही पक्षी ओळखावा लागत नाही. जखमी पक्षी सापडला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नये आणि त्याला घरीही ठेवून घेऊ नये; हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

गणनेला येणारच असाल, तर आदल्या दिवशी काठावरच्या मासेमारांकडे किंवा शेतकऱ्यांकडे आवर्तन कधी सुटले याची चौकशी करून या. बंधाऱ्यातून कालव्यांना पाणी सोडले की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो, शेकाटे आणि तुतवार हे चिखलपक्षी वाढतात आणि बुड्या मारणारी बदके खोल पाण्याकडे सरकतात. त्यामुळे पाण्याच्या स्थितीची नोंद तक्त्यावर नसेल, तर यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.