बेकारी भत्त्याचा कागद आला, आता आधी काय बघायचं?

नाशिकला अंबडच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. कपात झाली तेव्हा मेहुणा म्हणाला, “दाजी, तुमचा ईएसआय कापायचे ना? मग बेकारीचे पैसे मिळतात.” ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. त्यातली बेकारी भत्त्याची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे, मला मात्र तिचं नावही ठाऊक नव्हतं. काम सुटल्यावर तीस दिवस जाऊ दिले, ऑनलाइन अर्ज भरला, त्याची प्रिंट आणि आधार-पासबुकाची झेरॉक्स ईएसआयच्या शाखेत दिली. काही दिवसांनी कागद परत आला. घरी सगळे म्हणाले, नामंजूर झाला. झाला नव्हता, त्यांनी खुलासा मागितला होता. म्हणून कागद हातात आला की ‘नामंजूर’ लिहिलंय की ‘माहिती सादर करा’, एवढं आधी बघा.

मग आपल्या वर्गणीचा, म्हणजे ईएसआयसाठी भरलेल्या पैशांचा, तक्ता काढा. वर्गणीची वर्षात दोन सत्रं असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटण्याच्या आधीच्या सत्रात किमान ७८ दिवसांची वर्गणी दिसायला हवी. मालक दर महिन्याला दिवस भरतो आणि शून्य दिवस असतील तर कारणही टाकतो. माझी गोची तिथंच होती. कारखान्याच्या हिशेबनीसाने ‘रजेवर’ असं टाकलं होतं. म्हणजे मी घरी बसलेला आणि कॉम्प्युटरच्या लेखी अजून नोकरीतच! तिथं ‘काम सोडले’ किंवा ‘कामगार कपात’ असं हवं. ते मालकाकडूनच दुरुस्त होतं, शाखेतल्या बाईंशी भांडून उपयोग नाही. मी भांडलो होतो, म्हणून सांगतो. दुरुस्तीसाठी दोन चकरा झाल्या. कपातीचं पत्र आणि तक्ता, दोन्हींवर शेवटचा दिवस एकच आहे ना, तेही ताडून पाहा. गैरवर्तनाचं कारण चिकटलं असेल तर पैसे मिळत नाहीत, तेव्हा ते खोटं असेल तर लगेच लेखी हरकत घ्या.

आता रक्कम. मी पगाराला तीसने भागून निम्मा केला आणि कमी पैसे आले म्हणून वैतागलो. हिशेब तसा नसतो. मागच्या चार सत्रांची सगळी कमाई घेतात, तिला ७३० ने भागतात, त्याचा निम्मा हा रोजचा दर. महिना १५,००० धरला तर दोन वर्षांचे ३,६०,०००. भागाकार ४९३, निम्मा साधारण २४६ रुपये. ९० दिवसांचे २२,००० च्या आसपास. मध्ये दोन महिने बिनपगारी गेले असले तरी भागायचं ७३० नेच, त्यामुळे आकडा घसरतो. हे ९० दिवस आयुष्यात एकदाच मिळतात. पुन्हा नोकरी लागली की पैसे थांबतात, म्हणून नवं काम लपवू नका. भत्ता चालू असेपर्यंत उपचारांची सोयही राहते, तेव्हा सातपूरच्या कामगार रुग्णालयाची औषधं बंद करू नका.

अर्जातली बँक खात्याची ओळ नीट वाचा. माझं पासबुक देना बँकेचं होतं. ती २०१९ मध्येच बँक ऑफ बडोदात विलीन झाली, पण आयएफएससी मी जुनाच लिहिला होता. नवं पासबुक छापून त्याची झेरॉक्स दिली. प्रत्येक प्रतीवर विमा नंबर आणि सही करा, आणि ईएसआय शाखेचा शिक्का मारलेली एक प्रत घरी ठेवा.