सोनटक्का लावताय? गड्डा खोल पुरू नका

साताऱ्यात आमच्या कंपाऊंडच्या कडेला उंच पांढऱ्या फुलांची लाईन हवी होती, गुलाब-बिलाब सोडला आणि सरळ सोनटक्का लावला. आल्याच्याच कुळातला, गड्डा पण तसाच दिसतो, मी पहिल्या वर्षी चांगला वीतभर खोल पुरला आणि काळ्या मातीत पाणी तुंबून निम्मे कुजले. आता दोन बोटं मातीखाली, डोळा (कोंब फुटतो तो भाग) वर, दोन गड्ड्यांत दीड-दोन फूट अंतर, मे अखेर नाहीतर पहिला पाऊस पडला की लगेच. माती चिकट असेल तर शेणखत आणि जाड वाळू मिसळाच. जागा सकाळच्या उन्हाची बघा, दुपारचं ऊन लागलं की पानांच्या कडा करपतात. ४-५ फूट वाढतो म्हणून हा मागं, बुटकी झाडं पुढं. गौरी-गणपतीच्या आसपास फुलतो, संध्याकाळी वास पार रस्त्यापर्यंत. फुलून गेलेली दांडी बुडातून कापायची, ती परत फुलत नाही, उगाच जागा अडवते (आमची आई कापू देत नाही ती गोष्ट वेगळी). तीन-चार वर्षांनी बेट दाटलं की खणून गड्डे वाटून टाका, शेजारणी आधीच नंबर लावून बसलेल्या असतात.