क्रोनो ट्रिगर पुन्हा खेळताना

स्क्वेअर कंपनीने १९९५ साली सुपर फॅमिकॉम या कन्सोलसाठी काढलेला क्रोनो ट्रिगर हा काळप्रवासावरचा व्हिडिओ गेम पूर्वी कधीतरी पूर्ण करून बाजूला ठेवलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. त्यामुळे कथेतील काही गोष्टी येथे उघड केल्या आहेत. ‘फायनल फँटसी’चे हिरोनोबू साकागुची, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे युजी होरी आणि ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार अकिरा तोरियामा असे तिघे दिग्गज या खेळासाठी एकत्र आले होते, परंतु तो पुन्हा हाती घ्यावा याचे कारण या नावांपेक्षा त्याच्या रचनेत आहे. बहुतेक रोल-प्लेइंग खेळांत कथा एकदा कळली की मागे उरते ती केवळ लेव्हल वाढवण्याची मेहनत. येथे मात्र खेळ आपल्या बारीकसारीक वागण्याची नोंद ठेवत असतो आणि पहिल्या वेळी ती नोंद बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच जुना सेव्ह (जतन केलेला खेळ) सापडला तरी ‘न्यू गेम प्लस’, म्हणजे आधीची कमाई घेऊन नव्याने सुरुवात, निवडू नये, अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे.

आवृत्ती निवडताना फार विचार करण्याची गरज नाही. संगणक असेल तर स्टीम या ऑनलाइन दुकानात हा खेळ रुपयांत विकत मिळतो. २०१८ साली ती आवृत्ती प्रथम आली तेव्हा तिच्यातील चित्रे गुळगुळीत करून बिघडवल्याची तक्रार झाली होती आणि त्यानंतरच्या सुधारणांत मूळ चित्रशैलीचा पर्याय देण्यात आला. सेटिंगमध्ये जाऊन तो पर्याय आधी निवडावा, कारण ठिपक्याठिपक्यांनी रेखाटलेली ही पात्रे मूळ रूपातच देखणी दिसतात. ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ठाण्याहून वाशीला किंवा पनवेलला रोज ये-जा करणाऱ्यांना मोबाइलवरील आवृत्ती सोयीची पडेल, कारण तीत खेळ आपोआप सेव्ह होतो आणि ऐरोलीला अचानक उतरावे लागले तरी काही गमवावे लागत नाही. मात्र प्रवासात हेडफोन अवश्य लावावा. यासुनोरी मित्सुदा आणि नोबुओ उएमात्सु यांचे संगीत बंद करून हा खेळ खेळणे म्हणजे तो अर्धाच खेळणे होय.

एखाद्या नातेवाइकाने परदेशातून आणलेले मूळ अमेरिकी कन्सोल (सुपर फॅमिकॉमचे तिकडचे रूप) आणि कार्ट्रिज कपाटात असेल, तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. अमेरिकी अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, त्यामुळे योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय तो घरच्या प्लगला लावू नये. शिवाय कार्ट्रिजमधील सेव्ह एका छोट्या बॅटरीवर टिकून असतो. ती इतक्या वर्षांत संपलेली असण्याची शक्यता मोठी आहे आणि ती बदलण्यासाठी सोल्डरिंग करावे लागते. खाडीकाठच्या दमट हवेत संपर्काच्या पट्ट्यांवर थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसून काढावा.

लढाईच्या सेटिंगमध्ये ‘वेट’ऐवजी ‘ॲक्टिव्ह’ निवडावे, म्हणजे मेनू उघडा असतानाही लढाई थांबत नाही. शत्रू नकाशावरच उभे असतात आणि लढाई सुरू झाल्यावरही जागा बदलत राहतात; ते एका रेषेत किंवा घोळक्यात येईपर्यंत थांबून मग टेक (पात्रांचे खास हल्ले) वापरण्यातली मजा घड्याळ चालू असतानाच कळते.

यापुढे खरे लक्ष द्यावे ते कथा जिथून सुरू होते त्या इ.स. १००० च्या जत्रेकडे. हा भाग सर्वांना पाठ असतो आणि म्हणूनच सर्वजण तो घाईने उरकतात. वास्तविक पुढे राजवाड्यात नायक क्रोनोवर भरणाऱ्या खटल्याचे सारे पुरावे येथेच गोळा होत असतात. मार्ल या मुलीशी धडक बसून तिचे लॉकेट पडते, तेव्हा आधी तिची विचारपूस करावी आणि मगच लॉकेट उचलावे. टेबलावरचा म्हाताऱ्याचा डबा खाऊ नये. लहान मुलीचे हरवलेले मांजर तिच्यापर्यंत पोहोचवावे. जत्रेतील विक्रेता मेल्कियोरने लॉकेट विकण्याविषयी विचारले तर नकार द्यावा. आणि मार्ल मिठाईच्या दुकानापाशी रेंगाळते तेव्हा तिला ओढत न नेता तिचे होईपर्यंत उभे राहावे. एका फेरीत असे सज्जनपणे वागून, वेगळा सेव्ह ठेवून, दुसऱ्या वेळी मुद्दाम उलट वागून पाहावे. तुरुंगवास दोन्ही वेळा चुकत नाही, पण साक्षीदार बदलतात आणि त्यांचे शब्द ऐकताना आपण काय केले होते ते आपल्याला आठवते.

लॉकेटला प्राचीन काळातील झील या जादूच्या राज्यात शक्ती मिळाल्यावर मोहोरबंद पेट्या उघडू लागतात. येथे बहुतेकांचे नुकसान होते. गार्डिया किल्ल्यासारख्या ज्या ठिकाणी तीच पेटी दोन्ही काळांत आहे, तेथे इ.स. ६०० मध्ये पेटीला हात लावावा, मात्र वस्तू घेण्यास नकार द्यावा. त्यामुळे आतील वस्तू चारशे वर्षांत अधिक बलवान होते, ती इ.स. १००० मध्ये जाऊन घ्यावी आणि मग परत मागे येऊन मूळ वस्तूही उचलावी. हा क्रम उलटा केला तर पुढच्या काळातली पेटी रिकामी मिळते.

शेवटच्या टप्प्यातील उपकथा सोडून थेट लॅव्होस या अंतिम शत्रूकडे धावू नये. फिओनाच्या जंगलाची कथा तर कोणीही टाळू नये, असे माझे ठाम मत आहे: आपला यंत्रमानव साथीदार रोबो वाळवंटात झाडे लावण्यासाठी चारशे वर्षे मागे राहतो आणि आपण काही क्षणांतच त्याला पुढच्या काळात भेटतो. त्याच रात्री क्रोनोची मैत्रीण लुका काळात मागे जाऊन तिच्या आईच्या अपघाताच्या दिवशी पोहोचते. यंत्र थांबवण्याचा संकेतशब्द म्हणजे आईचे नाव, लारा. एल, ए, आर, ए या बटणांचा क्रम वेळेआधी लक्षात ठेवावा, कारण तेथे विचार करायला सवड मिळत नाही. मागच्या वेळी जादूगार मॅगसला सोबत घेतले असेल, तर या वेळी, त्याच्याच शापाने बेडूक झालेल्या, फ्रॉगला त्याच्याशी लढू द्यावे, म्हणजे फ्रॉगच्या वाट्याला येणारा शेवट वेगळा दिसेल.

हे सर्व झाल्यावरच ‘न्यू गेम प्लस’कडे वळावे. त्यात लेव्हल, टेक आणि बहुतांश सामान कायम राहते आणि लॅव्होसला कोणत्या टप्प्यावर हरवले यावर शेवट ठरतो, त्यामुळे प्रत्येक मोठ्या घटनेआधी स्वतंत्र सेव्ह करावा. जत्रेतील उजव्या टेलिपॉडवर (माणसाला दुसऱ्या जागी पोहोचवणाऱ्या यंत्रावर) एक चमक दिसते. तेथून सुरुवातीलाच लॅव्होसपर्यंत पोहोचता येते. केवळ क्रोनो आणि मार्ल यांच्या बळावर ही लढाई जिंकणे कठीण आहे, त्यामुळे तिच्यासाठी दोघांची लेव्हल आधीच्या फेरीतच भरपूर वाढवून ठेवावी. ती जिंकणाऱ्याला खेळ तयार करणारी माणसेच खेळात भेटतात आणि त्यांच्याशी एकेक करून बोलता येते.