जुन्या रेल्वे डब्याचं वायरिंग हाती घेताय? या चुका टाळा

बंद पडलेल्या जुन्या डब्यात शिरलं की प्रत्येकाचा हात आधी बटणाकडे जातो. छताला गोल काचेचे दिवे, जाळीचे पंखे, आणि मनात एकच इच्छा, की हे सगळं पुन्हा चालू झालेलं बघायचं. ही ओढ मला पुरती ठाऊक आहे, तिच्यापायीच मी रविवारची झोप सोडून शेडमध्ये येतो. पण आमच्या हातून डब्याचं जे काही नुकसान झालं, ते बहुतेक याच घाईनं झालं.

मुंबईत हे काम करणाऱ्यांकडे एक मोठी शिदोरी आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती 1500 व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर. मुंबईच्या हार्बर मार्गावरची शेवटची डीसी लोकल धावली एप्रिल 2016मध्ये. म्हणजे ही यंत्रणा हातानं उघडून नीट करणारे फिटर आजही कल्याण-बदलापूरला घरी सापडतात. त्यांना पहिल्याच दिवशी बोलवा. सगळं खोलून झाल्यावर बोलावलं, तर कुठली वायर कुठे होती हे त्यांनाही सांगता येत नाही.

म्हणून पहिली चूक: खुणा न करता वायर सोडवणं. एकेकाळच्या लाल-काळ्या वायरी आता सगळ्या एकाच मातकट रंगाच्या झालेल्या असतात. आधी फोटो, मग दोन्ही टोकांना एकाच नंबरच्या चिठ्ठ्या, मगच पाना.

दुसरी चूक टेस्टरची. घरातला निऑन टेस्टर 24 व्होल्टवर पेटतच नाही, त्यामुळे 'लाइन मेली आहे' असं समजून लोक हात घालतात. जुन्या डब्यांत आसाला पट्ट्यानं जोडलेला डायनॅमो आणि खाली बॅटऱ्या, दिवे 24 व्होल्टचे. इतक्या व्होल्टला शॉक जाणवत नाही हे खरं, पण बॅटरीतून शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर वाहतात. आमच्यातल्या एका मुलाचा पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला. क्षणात तो तिथेच चिकटला आणि लालबुंद झाला. मुलानं अंगठी काढून ठेवली होती, म्हणून बोट वाचलं. बॅटरी बॉक्स उघडण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ खिशात. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. चार्जिंग चालू असताना बॉक्सचं झाकण उघडं ठेवा, कारण त्यातून निघणारा हायड्रोजन साचला तर एक ठिणगी पुरते.

तिसरी चूक सगळ्यांत जास्त दिसते: मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून घरगुती एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) आणायचा आणि डीसी सर्किटमध्ये बसवायचा. घरातल्या 50 हर्ट्झच्या एसीमध्ये, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेत, प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते, जळत राहते आणि एमसीबी आतून वितळतो. डीसीचं रेटिंग छापलेलंच घ्या. आणि काही झालं तरी त्या जुन्या वायरीत 230 व्होल्ट सोडू नका. रबरावर कापडी वेष्टन असलेली ती वायर वरून धडधाकट वाटते, वाकवली की आतलं रबर बिस्किटासारखं तुटतं. नवी वायर मागून न दिसेल अशी न्या, जुनी जागेवर राहू द्या.

आता डायनॅमो आणि मोटरबद्दल, कारण इथे चूक झाली तर ती भरून निघत नाही. कम्युटेटरवर, म्हणजे आत फिरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या नळकांड्यावर, चॉकलेटी थर दिसला की नवखे लोक पॉलिश पेपरनं घासून तांबं चकचकीत करतात. तो थर मळ नव्हे. त्याला टेकलेले कार्बन ब्रश वर्षानुवर्षं घासून तो तयार होतो आणि ब्रश त्यावरच गुळगुळीत सरकतात. तो सारखा आणि गुळगुळीत असेल तर हात लावू नका. काळे डाग किंवा खाचा असतील तरच बारीक काचपेपर फिरवा. एमरी पेपर अजिबात नको, त्याची पूड वीज वाहते आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या अभ्रकाच्या खाचांत जाऊन बसते.

पावसाळ्यानंतर मेगरनं (वायरीवरचं आवरण वीज किती अडवतं ते मोजणारं मीटर) मोजलं की आकडा बघून छाती दडपते. मुंबईची दमट हवा मशिनमधल्या तारेच्या गुंडाळीत मुरलेली असते. अशा वेळी वार्निशचा डबा उघडू नका, ओलावा आत कोंडला जाईल. ताडपत्रीचा तंबू करून आत 60 वॉटचे दोन-तीन बल्ब लावा, मशिनला न टेकवता, आणि रोज मोजा. सुरुवातीला आकडा आणखी खाली येतो. गुंडाळी गरम होताना असं होतंच, तिथे धीर सोडून काम थांबवू नका. पाणी निघून गेलं की तो चढतो आणि मग एका जागी स्थिरावतो. मोजताना त्या दिवसाची हवाही वहीत लिहा, नाहीतर जुलैचा आकडा जानेवारीशी ताडून पाहता येणार नाही.

घरचं पितळ कळकलं की चिंच-मीठ लावतो, ते इथे टर्मिनलला लावू नका. आंबट उरतं आणि हिरवं पुन्हा येतं. जुन्या स्विचबोर्डमागचा पांढुरका पत्रा किंवा दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. तिच्यावर कॉम्प्रेसरचा झोत मारू नका, जाणकार येईपर्यंत खोली बंद ठेवा. डबा ओव्हरहेड वायरखाली उभा असेल, तर रेल्वेनं लेखी पॉवर ब्लॉक दिल्याशिवाय, म्हणजे वरची वीज बंद केल्याचं लिहून दिल्याशिवाय, छतावर कुणीही चढायचं नाही. वर 25 हजार व्होल्ट असतात, अंगाला वायर लागायचीही गरज नसते.

शेवटी एक तक्रार, जी हमखास येते: मीटरवर 24 व्होल्ट दिसतात, पण दिवा मंद. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे वायरीचा एक तंतू शिल्लक असला तरी आकडा पूर्ण दाखवतो. दिवा चालू ठेवून मोजा. आधी बॅटरीवर, मग होल्डरवर, मग मधल्या प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना. आमच्याकडे बॅटरीवर 24 आणि होल्डरवर 19 निघाले. जुने सांधे आम्ही एकेक उघडले. सुती टेपखाली कथिलाचे ते सांधे आजही चकाकत होते, एकाही ठिकाणी व्होल्ट गळत नव्हता. सगळा फरक होता आम्ही मागच्या वर्षी पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेल्या एका सांध्यात. तसे आणखी पाच होते. त्या रविवारी दिवे लावले नाहीत, सहाही सांधे कापून, लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) क्रिंप करून, म्हणजे पकडीनं दाबून, नव्यानं बांधले.