मुंबईत राहून उत्तरेच्या दलदलींचा अभ्यास: सुरुवात कुठून करावी

वनस्पतिशास्त्र किंवा भूगोल घेऊन बीएस्सी झालेली मुलं हल्ली अधूनमधून विचारतात, की उत्तरेकडची जंगलं आणि पीटच्या दलदली यांवर काम करायचं तर आधी परदेश गाठायला हवा का? मी मुलुंडला राहते. मास्टर्स स्वीडनमध्ये केलं आणि आता इथूनच तिकडच्या दलदलींच्या नोंदींवर काम करते. माझं सांगणं असं, की आधी पाणी समजून घ्या, तिकिटाचं नंतर बघू.

पाणीच का, ते जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक नवखी मुलं तापमानावरच अडकतात.

पीट म्हणजे पाण्यात बुडून राहिल्यामुळे पुरत्या न कुजलेल्या वनस्पतींचा थर. उत्तरेकडे तो मुख्यतः स्फॅग्नम नावाच्या मॉसचा असतो आणि वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतो. म्हणजे चार-पाच मीटर खोल दलदल कित्येक हजार वर्षांची. जगातल्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्केच भागावर पीट आहे, पण त्यात साठलेला कार्बन जगभरच्या जंगलांतल्या सगळ्या झाडोऱ्यापेक्षा जास्त भरतो. हा साठा टिकतो त्यात थंडीचा वाटा आहेच, पण खरी राखण पाणी करतं. पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही, त्यात ते पाणी आम्लधर्मी, त्यामुळे कुजण्याचं काम रेंगाळतं.

पाण्याची पातळी हातभर उतरली की वरच्या थरात हवा शिरते, कुजणं वेग घेतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागतो. पातळी पृष्ठभागाशी राहिली तर खालचे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. तो मॉसच्या थरातून सावकाश वर आला तर वाटेतले दुसरे जिवाणू त्यातला बराचसा खाऊन टाकतात. पण लव्हाळ्यांची दाटी असेल तर त्यांच्या पोकळ ऊतींतून थेट हवेत निसटतो. म्हणून 'तापमान वाढलं की दलदल कार्बन सोडणार' हे वाक्य अर्धवट आहे. उत्तर स्वीडनमध्ये अबिस्कोजवळच्या स्टोरडालेन दलदलीत कायम गोठलेली जमीन वितळून खचते, तिथे पाणी साचतं, लव्हाळे माजतात आणि मिथेन वाढतो. फिनलंडमध्ये उलट चित्र आहे. लाकडासाठी जंगल वाढवायचं म्हणून तिथल्या साधारण निम्म्या पीटभूमीत चर खणून पाणी काढून टाकलेलं आहे. झाडं जोमानं वाढतात, पण खालचं पीट झिजत जातं. या विषयातला कोणताही शोधनिबंध हाती घेतलात की पहिला प्रश्न हाच विचारा: मोजणी झाली तेव्हा पाणी कुठे होतं?

तापमानाचा प्रयोग पाहायचा तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला 'स्प्रूस' नक्की वाचा. ब्लॅक स्प्रूस वृक्षांच्या दलदलीत वरून उघडे, भलेमोठे काचघरासारखे कक्ष उभारले आणि २०१५पासून त्यांतली हवा आणि खालचं पीट नैसर्गिक तापमानापेक्षा ९ अंशांपर्यंत जास्त तापवत नेलं. काही कक्षांत जादा कार्बन डायऑक्साइडही सोडला. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. उबेमुळे झाडांना लवकर जाग आली, थंडी सोसायची त्यांची तयारी लवकर ओसरली, आणि २०१६च्या एप्रिलमध्ये कडाक्याची थंडी परतली तेव्हा तापवलेल्या कक्षांतलीच झाडं करपली. ऊब वाढवली आणि नुकसान थंडीनं झालं! सरासरी तापमानाचा आलेख बघून हे कधीच कळलं नसतं.

जंगलांबद्दल थोडक्यात. उत्तरेकडची सूचिपर्णी झाडं गडद असतात. मोकळं बर्फ ऊन परतवतं, ही झाडं ते शोषून घेतात. त्यामुळे तिकडे 'झाडं लावा, पृथ्वी थंड करा' इतकं सोपं नाही. आणि वणवे. २०२३मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळालं, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मं. सुकलेलं पीट पेटलं तर ज्वाळेविना आतल्या आत धुमसतं, कधीकधी बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात पुन्हा वर येतं. इथेही मुद्दा पाण्यावरच येतो.

आता मुंबईत काय करता येईल ते. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून खाडी बघायला सुरुवात करा. चिखलात उतरून नमुने घ्यायचे असतील तर रीतसर परवानगी घ्यावी लागते, ती कॉलेजमार्फत मागा. तिवरांखालचा काळा चिखल उपसला की सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांना मागे सारतात. उत्तरेच्या गोड्या पाण्याच्या दलदलीत सल्फेट फारसं नसतं आणि मिथेनवाल्यांना रान मोकळं मिळतं. एवढा फरक डोक्यात पक्का बसला की प्राणवायूविना चालणाऱ्या रसायनशास्त्राचा पाया तयार झाला समजा. शिवाय गुडघाभर चिखलात तोल सांभाळून वहीत नोंदी लिहायची सवय होते, ती तिकडच्या दलदलीत रोज लागते.

दुसरी गोष्ट घरातच होईल. ऑर्किड विकणाऱ्या नर्सरीत सुकं स्फॅग्नम मॉस मिळतं. (नारळाच्या काथ्याचं कोकोपीट वेगळं, ते घेऊ नका.) एक काडी पाण्यात भिजवा, चिमट्यानं एक पान सोडवा आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. हिरव्या अरुंद पेशींची जाळी दिसेल आणि त्यांच्या मधोमध मोठ्या, रिकाम्या, पारदर्शक पेशी. त्या मेलेल्या असतात. त्यांच्या भिंतींना आडव्या तंतूंचा आधार असतो आणि बारीक गोल छिद्रं असतात. पाणी त्या छिद्रांतून आत शिरतं. सुकं मॉस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी कसं धरतं, हे त्या एका पानात समजतं.

तिसरं म्हणजे डेटा. "ताई, मला कोडिंग येत नाही, चालेल का?" असं डोंबिवलीच्या एका मुलीनं विचारलं होतं. नाही चालणार गं, पण आर किंवा पायथनपैकी एक भाषा नेटानं धरलीस तर पुरे. उंच मनोऱ्यावरची यंत्रं वारा आणि वायूंचं प्रमाण सेकंदाला दहा-वीस वेळा मोजतात, त्यावरून जंगलानं किती कार्बन घेतला-सोडला ते काढतात. या पद्धतीला एडी कोव्हेरियन्स म्हणतात. फ्लक्सनेट म्हणजे जगभरच्या अशा मनोऱ्यांचं जाळं. तिथे शेकडो ठिकाणांच्या नोंदी फुकट मिळतात. फिनलंडमधल्या ह्युतिआला इथल्या पाइनच्या जंगलाच्या नोंदी १९९६पासूनच्या आहेत. त्यातलं एक वर्ष घ्या: अर्ध्या तासाला एक, अशा १७,५२० ओळी. आधी उणे ९९९९ असलेल्या जागा रिकाम्या करा, ती हरवलेल्या नोंदीची खूण आहे. मग कार्बनच्या देवाणघेवाणीचा आलेख काढा. उणे आकडा म्हणजे जंगलानं कार्बन आत घेतला. जूनमध्ये तो किती खोल जातो आणि डिसेंबरमध्ये शून्याच्या वर कसा रेंगाळतो, ते डोळ्यांनी बघा. रात्री वारा पडला की मोजणी भरवशाची राहत नाही, तेवढ्या नोंदी गाळून रिकाम्या जागा कशा भरायच्या, हा पुढचा धडा. माझ्या मते, हे एक वर्ष स्वतः सोडवलेला विद्यार्थी चार ऑनलाइन सर्टिफिकेटवाल्यांपेक्षा पुढे असतो.

देशातही पीट आहे. नीलगिरीच्या पीटमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे कार्बनच्याच कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) परिसरशास्त्रज्ञ रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी मान्सूनचा हजारो वर्षांचा मागोवा घेतला, तो १९९३मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. पवईच्या आयआयटीत हवामानविषयक पीएचडी होते, उपग्रह-चित्रांचा अभ्यास शिकवणारं केंद्रही आहे. ज्यांना घर सोडणं शक्य नाही त्यांनी ही वाट कमी लेखू नये.

बाहेर जायचंच असेल तर हिशेब नीट मांडा. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी स्वीडनमध्ये २०११पासून आणि फिनलंडमध्ये २०१७पासून फी आहे. पीएचडीला मात्र फी नसते, आणि स्वीडनमध्ये ती बहुधा पगारी नोकरीच असते, जागा नोकरीसारख्याच जाहीर होतात. म्हणून घरची ऐपत बेताची असेल तर मास्टर्स इथे करून पीएचडीला तिकडे जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. प्राध्यापकांना पत्र लिहिताना 'मला निसर्गाची आवड आहे' हे एक वाक्यही घालू नका. तुम्ही काढलेला आलेख जोडा आणि त्यात न उलगडलेला एक प्रश्न विचारा. मास्टर्सचे अर्ज दोन्ही देशांत साधारण जानेवारीत बंद होतात. गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती आणि इंग्रजीच्या परीक्षेची तारीख यांत वेळ जातो, तेव्हा गणपती उठले की कागदपत्रांच्या मागे लागा.